पाठदुखी आणि लाँगोबार्ड

नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. तांब्या उचलायला म्हणून जरा डावीकडे कलले, आणि कमरेच्या वर जी कळ आली ती आलीच. उसण भरली. पुण्याच्या घरी पाट आहे, टेकायला भिंत आहे. इथे इटलीत, उदिनेला लेकीच्या फ्लॅटमध्ये शॉवरच्या चौकोनात जुनी उशी टाकून मी बसायची, पाय लांब, पाठीला कशाचाच आधार नाही. "आई, इथे टबात घालतात आंघोळ, सोड की हा हट्ट," असं लेक पहिल्या दिवसापासून म्हणत होती. बाळंतपण करायला म्हणून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेली मी, त्यातले आठ दिवस गादीवर आडवी. जिनं डिंकाचे लाडू वळायचे तिलाच बाळंतीण सूप आणून देतेय, असं ते उलटं बाळंतपण.

शेवटी ओळखीतून एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या. साठीच्या आसपासच्या, केस आखूड आणि पांढरे, मनगटं सुताराची असावीत तशी. मला पालथं झोपवून त्यांनी मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवले आणि म्हणाल्या, "ला स्क्येना." पाठ. बोलता बोलता लेकीनं त्यांना सांगितलं की आई इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे, तेव्हा अंगठे एकदम थांबले. स्क्येना हा शब्द लॅटिन नाही, तुम्हाला ठाऊक आहे का? स्वतःच्या गालावर बोट ठेवून म्हणाल्या, ग्वान्चा. मूठ वळून बोटांची पेरं दाखवली, नोक्का. वाकून नडगीवर टिचकी मारली, स्तिंको. हे सगळे लाँगोबार्डांचे शब्द, म्हणजे उत्तरेकडून चाल करून येऊन इटलीत राज्य केलेल्या लोकांचे. घोरण्याला इटालियनमध्ये रुस्सारे म्हणतात, तेही त्यांचंच. लेक धडाधड भाषांतर करत होती. "आई, त्या म्हणतायत की हे आपले शब्द आहेत." आणि लगेच जीभ चावून, "म्हणजे आपले नाही गं. आमचे शब्द, असं म्हणतायत त्या."

बाई गेल्या. कळ तिथेच राहिली, आणि ते 'आपले'सुद्धा.

इटालियनमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हींना 'नोई' एकच. समोरच्याला धरून आहे की वगळून, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. आपल्याकडे तशी सोय नाही. 'आम्ही' म्हटलं की समोरचा उंबऱ्याबाहेर, 'आपण' म्हटलं की आत, पाटावर. लग्नाच्या बैठकीत "आमच्यात असं करत नाहीत" हे वाक्य "आपल्यात असं करत नाहीत" होतं तेव्हा सोयरीक जुळली असं समजायला हरकत नसते. त्यामुळे मला प्रश्न पडला तो असा, की या बाई 'नोई' म्हणाल्या म्हणजे नेमकं कोण? त्या बोलत होत्या ती भाषा लॅटिनच्या पोटची. घरात फ्रिउलियन, म्हणजे इथल्या फ्रिउली मुलखाची भाषा, बोलतात म्हणाल्या, तीही लॅटिनच्याच पोटची. लाँगोबार्डांच्या भाषेत लिहिलेलं एकही पुस्तक उरलेलं नाही. कायद्याच्या लॅटिन मजकुरात अडकलेले काही शब्द, माणसांची नि गावांची नावं, आणि हे गाल-नडगी-पाठ. त्यांचं राज्य फ्रँकांचा राजा शार्लमेन यानं ७७४ साली त्यांची राजधानी पाविआ घेतली तेव्हा संपलं. साडेबाराशे वर्षांनी एक बाई माझ्या पाठीवर अंगठा रोवून म्हणते, आमचे शब्द. ज्यांच्यावर ते चाल करून आले ते तुम्ही, की जे चाल करून आले ते तुम्ही?

तीस वर्षं मी फळ्यावर बाण काढले आहेत. हूणांचा बाण वायव्येकडून, जाड, लाल खडूचा. मुलांना नकाशात बाण भरायला पाच गुण असायचे आणि ते पाच गुण कुणी सोडायचं नाही. बाणाला शेपूट असतं, टोक असतं, मधे काही नसतं. त्या मधल्या भागात कुणाची पाठ दुखली, कुणाचं बाळंतपण झालं, कुणी वाटेतच राहिलं, हे बाणात मावत नाही, आणि मावत नाही हे मला तेव्हा खटकलंही नव्हतं. लेकीनं टॅबवर लाँगोबार्डांचा नकाशा उघडून दिला तेव्हा तिथेही तोच बाण. शेपूट स्कँडिनेव्हियात, मग एल्ब नदी, मग डॅन्यूब, आणि टोक बरोबर आमच्या फ्लॅटवर.

गादीवर पडल्या पडल्या मी पाओलो दियाकोनो वाचायला घेतला. आठव्या शतकातला हा माणूस इथलाच, फ्रिउलीचा, लाँगोबार्ड घराण्यातला, लॅटिनमध्ये लिहिणारा भिक्षू. म्हातारपणी मोंते कास्सीनोच्या मठात बसून त्यानं आपल्या लोकांचा इतिहास सहा भागांत लिहिला. तो सुरुवात करतो ती थेट उत्तरेतून. स्कँडिनेव्हिया हे बेट, माणसं फार झाली, पुरेनासं झालं. मग त्यांनी लोकांचे तीन भाग केले आणि चिठ्ठ्या टाकल्या. ज्या भागाची चिठ्ठी निघाली त्यानं घर सोडायचं. म्हणजे निघाले ते सगळे नाहीतच, तिसरा हिस्सा. तेव्हा त्यांचं नाव लाँगोबार्ड नव्हतं, विनिली होतं. पुढारी दोन भाऊ, इबोर आणि आयो, आणि त्या दोघांच्या मागे त्यांची आई, गांबारा. अडचण आली की सगळे तिच्याकडे बघत, असं पाओलो लिहितो. मी उशी पाठीखाली सरकवली आणि पुढे वाचायला लागले.

वाटेत व्हँडल आडवे आले. आंब्री आणि आस्सी हे त्यांचे सरदार. खंडणी द्या नाहीतर लढा. व्हँडलांनी वोदान देवाकडे जय मागितला. वोदान म्हणाला, उद्या सूर्य उगवताना जे मला पहिल्यांदा दिसतील त्यांना देईन. गांबारा गेली ती वोदानच्या बायकोकडे, फ्रेआकडे. फ्रेआनं सांगितलं, तुमच्या बायकांनी केस मोकळे सोडावेत, पुढे घेऊन चेहऱ्याभोवती दाढीसारखे बांधावेत, आणि नवऱ्यांच्या शेजारी उभं राहावं. सकाळी वोदाननं डोळे उघडले तर समोर हीच गर्दी. "हे लांब दाढीवाले कोण?" त्याच्या तोंडून निघून गेलं. फ्रेआ म्हणाली, नाव ठेवलंत ना, आता जयही द्या. लांब दाढी, लाँगोबार्ड. या गोष्टीचे दोन पाठ आहेत. पाओलोच्या आधी शंभरेक वर्षं लिहिलेल्या एका छोट्या बखरीत फ्रेआ नवरा झोपलेला असताना त्याचा पलंगच पूर्वेकडे फिरवते, मग त्याला उठवते. पाओलोकडे पलंग नाही, वोदान रोज ज्या पूर्वेच्या खिडकीतून बघतो तिच्यासमोर फक्त जाऊन उभं राहायचं आहे. मला पलंगाचा पाठ जास्त पटला. खिडकी ही दरबारातली युक्ती झाली. झोपलेल्या नवऱ्याचा पलंग फिरवणं ही घरातली युक्ती, आणि ती फक्त त्या घरात राहणारीलाच सुचते.

गंमत म्हणजे पाओलोला ही गोष्ट सांगायची लाज वाटते. हास्यास्पद दंतकथा आहे, असं तो आधीच बजावतो, आणि मग सगळी सांगतो, एक धागा न सोडता. माझी आत्या असंच करायची. "लोक काहीही बोलतात, आपण ऐकू नये," अशी सुरुवात करून अर्धा तास. त्याचं स्वतःचं मत साधं आहे: हे लोक दाढीला वस्तरा लावत नसत, म्हणून लांबदाढे. पुढे ६४३ साली त्यांच्या रोथारी राजानं जो कायदा लिहून काढला त्यात भांडणात स्वतंत्र माणसाची दाढी किंवा केस धरून ओढले तर सहा सोन्याची नाणी दंड आहे. नावातच दाढी असल्यावर ती कुणी ओढू नये एवढं तर हवंच. पण मला राहून राहून वाटत होतं की ज्या दाढीवरून हे नाव पडलं ती गोष्टीत तरी बायकांच्या केसांची होती, आणि हे एका भिक्षूनं, नाक मुरडत का होईना, लिहून ठेवलं.

आता इतिहासाची बाई जागी झाली. शेपटाकडचा पुरावा काय?

पुरावा स्कँडिनेव्हियात नाही, एल्ब नदीच्या खालच्या अंगाला आहे, आजच्या हँबुर्गच्या आसपास. तिथे ल्यूनेबुर्गजवळच्या बार्डोविक गावाच्या नावात ते अजून आहेत असं म्हणतात. इसवी सन ५मध्ये तिबेरिअस रोमन सैन्य घेऊन एल्बपर्यंत गेला, त्या सैन्यात वेल्लेयुस हा अधिकारी होता. त्यानं लिहिलं की लाँगोबार्डांना आम्ही मोडलं, जर्मन रानटीपणालाही मागे टाकतील असे लोक. मोडणाऱ्याला मोडलेला माणूस नेहमी भयंकर दाखवावा लागतो, त्यात नवल नाही. ९८ साली रोमन इतिहासकार टॅसिटस त्यांच्याबद्दल जे लिहितो ते मात्र सुंदर आहे: थोडे असणं हीच त्यांची शोभा. भोवती मोठमोठ्या टोळ्या, तरी हे कुणापुढे मान तुकवून नाही, लढून टिकले आहेत. मग १६६च्या सुमारास लाँगोबार्ड आणि ओबी मिळून सहा हजार जण डॅन्यूब ओलांडून रोमन हद्दीत शिरले, मार खाल्ला, माफी मागून परत गेले. आणि त्यानंतर रोमन लिहिणाऱ्यांच्या लेखी गप्प. ४८८च्या पुढे डॅन्यूबच्या उत्तरेला, आजच्या ऑस्ट्रियात, ते पुन्हा दिसतात तोवर तीनशेहून जास्त वर्षं उलटलेली. बाणाचा जो भाग नकाशात सर्वात ठसठशीत काढलेला असतो, नेमका तोच.

त्या तीनशे वर्षांत पाओलोकडे आहेत ती फक्त नावं. स्कोरिंगा, माउरिंगा, गोलांदा, आंथाइब, बांथाइब. कुठली ठिकाणं ही, यावर विद्वानांचे वाद आहेत. मोठ्यानं वाचली तर जात्यावरच्या ओवीत येतात तसली, नकाशात न सापडणारी गावं वाटतात. आणि स्कँडिनेव्हियाचं म्हणाल तर तिथून आलो असं सांगणारे हे एकटे नाहीत. गॉथ लोकांचा इतिहास लिहिणाऱ्या योर्दानेसनंही ५५१ साली गॉथांना तिथूनच आणलं, तीन जहाजांतून. उत्तरेचं ते थंड बेट म्हणजे त्या काळी चांगलं कुळ सांगायचा पत्ता झालेला दिसतो. आपलं घराणंही कुठून तरी दूरच्या, मोठ्या ठिकाणाहून आलेलं असावं असं कुणाला वाटत नाही? आमच्या घरात मूळ पुरुष कोकणातून घाटावर आला म्हणतात. कोकणातल्या कुठल्या गावातून, हे मात्र विचारायचं नाही.

पण माउरिंगाच्या वाटेवर एक गोष्ट आहे, तिच्यापाशी मी टॅब बाजूला ठेवला. पुढे आस्सिपित्ती नावाचे लोक वाट अडवून उभे. आपण थोडे आहोत हे दिसू नये म्हणून लाँगोबार्डांनी तंबू लांब लांब ठोकले, रात्री जागोजाग शेकोट्या पेटवल्या, आणि उठवून दिलं की आमच्याकडे कुत्र्याच्या तोंडाची माणसं आहेत, ती रक्त पितात. तरी लढाई टळेना तेव्हा ठरलं की दोघांनी एकेक गडी पुढे करावा. लाँगोबार्डांकडून पुढे कोण आलं? एक गुलाम. अट एवढीच, जिंकलो तर माझ्यावरचा आणि माझ्या मुलाबाळांवरचा गुलामीचा डाग पुसायचा. तो जिंकला. त्यानंतर लढणारे हात कमी पडतात म्हणून त्यांनी अनेक गुलाम मोकळे केले, आणि ते मोकळे झाले हे पक्कं करायला त्यांच्या रीतीप्रमाणे एक बाण वापरला, तोंडानं त्यांच्या भाषेतले काही शब्द पुटपुटत. काय शब्द ते पाओलो लिहीत नाही. इतकी वर्षं मी बाण काढले आणि हा एक बाण मला ठाऊक नव्हता. दुसऱ्या एका राजाची कथा तर याहून विचित्र. आगेलमुंड राजा तळ्याकाठून चालला होता, तळ्यात कुणीतरी टाकून दिलेली अर्भकं. त्यानं भाल्यानं चाचपून पाहिलं तर एका पोरानं भाला घट्ट धरला. त्याला वर काढलं, वाढवलं, आणि तळ्याला त्यांच्या भाषेत लामा म्हणत म्हणून नाव ठेवलं लामिस्सिओ. तोच पुढे राजा झाला. म्हणजे गुलाम आपले, तळ्यातलं पोर आपलं. बेटावरून निघालेल्या तिसऱ्या हिश्श्यातलं रक्त यात उरलं किती, हा हिशेब त्यांनी स्वतःच गोष्टीत शिल्लक ठेवलेला नाही.

पाठ जरा वळायला लागल्यावर लेकीनं मला चिविदालेला नेलं. उदिनेहून गाडीनं वीसेक मिनिटं. नात बाबागाडीत, मी कंबरपट्टा बांधून. नातिसोने नदी खोल घळीतून वाहते, पाणी हिरवट निळं, वरती दगडी पूल. ५६८ साली लाँगोबार्डांचा आल्बोईन राजा पॅनोनिया, म्हणजे आजच्या हंगेरीकडचा मुलूख, सोडून इटलीकडे निघाला तो १ एप्रिलच्या ईस्टरचा दुसरा दिवस होता, हे पाओलोनं नेमकं लिहून ठेवलंय. जमीन शेजारच्या आवार नावाच्या लोकांना दिली, पण बोलून घेतलं की आम्हाला परत यावं लागलं तर आमची शेतं आम्हाला परत. हे वाचून मला हसूच आलं. मुंबईला निघालेला प्रत्येक माणूस भाऊबंदांना हेच सांगून गेला आहे, आणि सातबाऱ्यावर पुढे काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. सीमेवर पोचल्यावर आल्बोईन एका डोंगरावर चढला आणि जेवढी दिसली तेवढी इटली त्यानं डोळे भरून पाहिली. इथले लोक मातायूर डोंगर दाखवतात. त्या दिवशी मात्र त्यावर ढग होते. त्या डोंगरावर रानबैल असायचे, असं सांगून पाओलो एका म्हाताऱ्याचा हवाला देतो: तिथं मारलेल्या एका बैलाचं कातडं एवढं मोठं की त्यावर पंधरा माणसं एकमेकांना चिकटून झोपू शकत. राजानं स्वप्नातला देश पहिल्यांदा पाहिला ती ओळ एवढीशी, आणि बैलाच्या कातड्याला जागा तिच्याहून जास्त. अशा लेखकावर माझा जीव जडतो.

संग्रहालयात सोन्याच्या पातळ पत्र्याचे क्रूस आहेत, प्रेताच्या कफनीवर शिवायचे, कडेला टाक्यांसाठी भोकं पाडलेली. एस अक्षरासारखे वळलेले पदराला लावायचे काटे आहेत. पण मी थबकले ती फण्यांपाशी. हाडाच्या फण्या, काहींचे दात तुटलेले. आपल्याकडच्या लाकडी फणीसारख्याच, दोन्हीकडे दात, एकीकडे बारीक. त्या बारीक दातांचं काम काय ते मला कुणी सांगायला नको. लांब दाढी ठेवायची, डॅन्यूबपासून आल्प्सपर्यंत चालायचं, म्हणजे उवा आल्याच. तिथून बाहेर आलं की पाओलो दियाकोनोच्याच नावाचा चौक. तिथे १८७४मध्ये एक दगडी शवपेटी सापडली, हीच गिसुल्फची असं गावानं तेव्हा ठरवून टाकलं. तिच्यातला रत्नं जडवलेला, चेहरे उठवलेला सोन्याचा क्रूस आत ठेवला आहे. पेटी खरंच त्याची का, यावर वाद आहे. हा गिसुल्फ आल्बोईनचा पुतण्या. आल्बोईननं त्याला या भागाचा सरदार नेमलं तेव्हा तो म्हणाला, मला हव्या त्या 'फारा' निवडून दिल्यात तर राहतो. फारा म्हणजे एकत्र प्रवास करणारं गणगोत. वर चांगल्या घोड्यांचे कळपही मागून घेतले. व्यवहारी माणूस. इटलीत फारा हे नाव लावणारी गावं अजून आहेत, फारा नोव्हारेसे, फारा इन साबिना. तळ टाकला तिथेच गाव झालं.

आणि त्या तळात होते कोण? पाओलो यादी देतो. गेपिड, बल्गार, सार्मेशियन, पॅनोनियन, सुएव्ह, नोरिकन. त्यांच्या नावांची खेडी आपल्या काळात अजून आहेत, असं तो म्हणतो. गेपिडांचं तर असं की त्यांचा राजा कुनिमुंड याला आल्बोईननं मारलं, त्याच्या कवटीचा प्याला करून घेतला आणि त्याच्या मुलीशी, रोसामुंडशी लग्न केलं. तो प्याला मी स्वतः पाहिला आहे, राजा रात्खिस सणाच्या दिवशी पाहुण्यांना दाखवत होता, असं पाओलो शपथेवर सांगतो. दोनशे वर्षांनी. बापाच्या कवटीतून प्यायला लावलेल्या रोसामुंडनं ५७२ साली व्हेरोनात नवऱ्याला मारवलं, हे तर शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. 'आपण' हा शब्द मी आधी फार मऊ समजत होते. वीस हजारांवर सॅक्सनही बायकामुलांसह सोबत आले होते, पण लाँगोबार्ड त्यांना त्यांच्या स्वतःच्या कायद्यानं राहू देईनात, म्हणून ते सगळे इटली सोडून परत फिरले. त्यांना 'आपण' व्हायचं नव्हतं. बाणात परतीची रेघ कुणी काढत नाही.

२०१८मध्ये शास्त्रज्ञांनी दोन स्मशानांतल्या ६३ माणसांच्या हाडांमधला जनुकीय वारसा तपासला. एक हंगेरीत बालाटॉन सरोवराजवळचं सोलाद, दुसरं तोरिनोजवळचं कोल्लेन्यो. दोन्हीकडे एकेका मोठ्या कुटुंबाभोवती थडगी मांडलेली. उत्तरेकडचा वारसा असलेल्यांच्या शेजारी शस्त्रं, मणी. दक्षिणेकडचा वारसा असलेल्यांपैकी बहुतेकांशेजारी काहीच नाही. मी हे दोनदा वाचलं. म्हणजे उत्तरेकडून माणसं खरोखरच आली होती, पाओलोची दंतकथा अगदीच पोकळ नव्हती. दुसरं म्हणजे वेगवेगळ्या वारशाची माणसं एकाच स्मशानात होती. आणि स्मशानातसुद्धा कोण आम्ही आणि कोण तुम्ही ते कळत होतं. तीनही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. माझ्यासारख्या फळ्यावर शिकवणारीला हे फार गैरसोयीचं.

परतताना बाबागाडी ढकलत लेकीनं विचारलं, "मग मूळ कुठलं त्यांचं?" मी तिला स्कँडिनेव्हिया सांगितलं नाही. मला पाओलोचा पणजोबा आठवत होता.

चौथ्या भागात, राजे आणि लढाया चालू असताना, पाओलो मधेच थांबतो आणि म्हणतो, आता थोडं माझ्या घरचं सांगतो. आवारांनी फ्रिउली लुटलं तेव्हा पाच लहान भाऊ कैद करून नेले. चौघे तिकडेच राहिले. पाचवा, लोपिखिस, मोठा झाल्यावर पळून निघाला. जवळ धनुष्य, भाता आणि थोडं खाणं. वाट ठाऊक नाही. एक लांडगा पुढे चालायला लागला, मागे वळून बघायचा, हा थांबला की थांबायचा. खाणं संपलं तेव्हा भुकेनं त्यानं लांडग्यावरच बाण रोखला. लांडगा निसटला तो पुन्हा दिसलाच नाही. गळून पडला, झोप लागली, स्वप्नात कुणी म्हणालं, ऊठ, तुझे पाय ज्या दिशेला आहेत त्या बाजूला इटली आहे. पुढे स्लाव लोकांच्या वस्तीत एका म्हातारीनं ओळखलं की हा पळून आलाय. तिनं त्याला घरात लपवलं आणि खायला दिलं, पण थोडं थोडं, एकदम पोटभर दिलं तर मरेल म्हणून. मग शिदोरी बांधून दिशा दाखवली. ही म्हातारी मी पाहिली आहे असंच मला वाटलं. बाळंतिणीला पहिले दिवस काय द्यायचं, किती द्यायचं, हे सांगणारी ती तीच.

तो घरी पोचला. जिथे जन्मला ते घर. छप्पर नाही, आत काटेकुटे, झुडपं. त्यानं ती कापली तर भिंतींच्या मधोमध एक मोठं ॲशचं झाड वाढलेलं. त्यानं आपला भाता त्या झाडाला अडकवला. पुढे नातलगांनी, मित्रांनी मदत केली, घर पुन्हा उभं राहिलं, लग्न झालं. बापाची बाकी इस्टेट मात्र मिळाली नाही, इतक्या वर्षांत ती ज्यांच्या ताब्यात गेली त्यांचीच झाली होती. पाओलो हे लिहीत होता तेव्हा त्याचं राज्य गेलेलं होतं. ७७६च्या बंडानंतर त्याचा भाऊ फ्रँकांच्या कैदेत पडला. सातवं वर्ष लागलं तेव्हा, ७८२ साली, पाओलोनं शार्लमेनला काव्यात अर्ज केला: भावाची बायको फाटक्या कपड्यांत रस्त्यावर चार मुलांसाठी भीक मागते आहे. आपल्या लोकांची सुरुवात बेटापासून सांगणारा माणूस हा. पण त्याला स्वतःला ठाऊक असलेली जुन्यात जुनी जागा म्हणजे भिंतींच्या आत उगवलेलं ते झाड. कुठल्या खोलीत उगवलं होतं, हे मला विचारावंसं वाटतं. स्वयंपाकघरात?

फिजिओबाई शेवटच्या खेपेला आल्या तेव्हा माझा व्हिसा संपायला दहा दिवस होते. नात आतल्या खोलीत बारीक आवाजात रुस्सारे करत होती. आता तिची आंघोळ टबात होते, लेक घालते, मी बाजूला स्टुलावर बसून पाणी किती गरम ते सांगते. बाईंना मी लेकीमार्फत विचारलंच, त्या दिवशी तुम्ही 'नोई' म्हणालात ते कोण? त्यांनी खांदे उडवले. आजोबा नदीपलीकडच्या स्लाव खेड्यातले, आजी इथली, एक पणजी ऑस्ट्रियाहून आलेली. "नोई," त्या पुन्हा म्हणाल्या, जणू मी साधी गोष्ट विचारली होती, आणि मला पालथं व्हायची खूण केली. काम संपल्यावर त्यांनी माझ्या कमरेच्या वर थाप मारून विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

"पाठ," मी म्हटलं.

"पात्ता."

लेक म्हणाली, ठ, ठ. बाईंनी जीभ दातांमागे नेऊन पाहिली, हनुवटी वर केली, पुन्हा पात्ताच आलं. मी म्हटलं, राहू दे, चालेल. टेबलाची घडी करून, कोट चढवून त्या निघाल्या. दारातून वळून त्यांनी मला हात केला आणि म्हणाल्या, "चाओ, पात्ता!"